बंद शाळेकडून आलेले फॉर्म

१२ जानेवारी, सोमवार. शाळांकडून आलेल्या फॉर्मचं शेवटचं पान वाचायचं काम माझ्याकडे आलं.

आमचं कार्यालय जिल्ह्यातल्या शाळांचा अभ्यास करतं. शाळांना त्याचा उपयोग काय, असं वरून विचारलं गेलं आणि सुधारणा सुरू झाल्या. फॉर्मच्या शेवटी ‘शाळेची अडचण’ असा प्रश्न असतो. आमच्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता, म्हणून इतकी वर्षं ते पान कुणी उलटलंच नव्हतं.

कर्जतच्या गठ्ठ्यात एका वस्तीशाळेचा फॉर्म निघाला. पट नऊ, हजर शून्य. अडचण : ‘पोरं डांबरी वलांडत न्हाईत. गुरुजी हिकडं धाडा.’ मागच्या दोन वर्षांचे फॉर्म काढले. तेच अक्षर, तीच ओळ. ती शाळा तीन वर्षांपूर्वी बंद होऊन रस्त्यापलीकडच्या शाळेत सामील झालेली. यादीतून नाव काढायचं आम्ही विसरलो, म्हणून कोरे फॉर्म जात राहिले. पण भरत कोण होतं?

साहेबांना विचारलं.

“बंद आहे ना? मग काढा नाव. मुलं पलीकडे शंभर टक्के हजर आहेत.”

“फॉर्म कोणी भरला ते बघून काढते,” मी म्हटलं आणि जीप घेऊन निघाले.

दुपारी पोचले. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच ज्वारी, वारा अजिबात नाही. शाळेला कुलूप असेल असं वाटलं होतं. दार उघडं होतं. फरशी नुकतीच पुसलेली, अजून ओली. फळ्यावर आजची तारीख. खाली पट नऊ, हजर शून्य. वर्गात कुणी नव्हतं, तरी चपला मी बाहेरच काढल्या.

“बसा बाई,” मागून आवाज आला. मी दचकले. दारात पूर्वी इथे खिचडी शिजवणाऱ्या मावशी उभ्या होत्या.

“फॉर्म तुम्ही भरता?”

“सरकारचा कागद येतोय, भराया नगं? सातवी झालीय माजी. तुमी लई उशिरा आला पण.”

“शाळा बंद झालीय, मावशी.”

“ते तुमी म्हनता. कागद तर येतोय की.”

त्यांनी बाहेर जाऊन लोखंडी रुळाचा तुकडा वाजवला. मधली सुट्टी संपल्याची घंटा. आवाज विरला आणि ज्वारी हलली. धाटांमधून एक तोंड दिसलं, मग दुसरं. मी मोजली. नऊ. मैदानाच्या कडेला येऊन ती उभी राहिली. कुणी पुढे आलं नाही. माझ्याकडेच बघत होती.

“आत का येत नाहीत?”

“आत घेत न्हाई मी. गुरुजी न्हाई, मंग वर्ग कसा भरवायचा? घंटा झाली की येत्यात, उभी ऱ्हात्यात, जात्यात.”

“आणि पलीकडची शाळा?”

“उसाच्या ट्रॉल्या बगितल्या का रस्त्याला? आया सोडत न्हाईत.”

मी पुन्हा पाहिलं तेव्हा मैदान रिकामं होतं. मला कुणाच्या पावलांचा आवाज आला नव्हता. परत येताना ड्रायव्हरने विचारलं, “मॅडम, काच लावू का? थंडी वाजतेय का?” उन्हाने सीट तापली होती.

यादीतून शाळेचं नाव खोडलं असतं तर ही नऊ मुलं फक्त पलीकडच्या हजेरीत उरली असती, रोज हजर.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्या आधी मी पलीकडच्या शाळेत जाऊन बसले. गुरुजींनी हजेरी घेतली. ती नऊ नावंही त्यांनी सवयीने पुकारली, प्रत्येक नावानंतर क्षणभर थांबले आणि हजेरीची खूण करून पुढे गेले. मी रजिस्टर माझ्याकडे ओढलं. नऊ खुणा त्यांच्याच हाताने खोडून घेतल्या, सही घेतली, फोटो साहेबांना पाठवला. खाली लिहिलं : नाव काढत नाही. तिकडे एक शिक्षक द्या.