बापाच्या बांधीत रेसची गाडी

मी रेसच्या गाड्यांचं एम.टेक. करते, हे सिंदेवाहीकडच्या आमच्या गावात मला कधी धड समजावून सांगता आलं नाही. "एवढी शिकून गॅरेज टाकतं का वं?" रोवणीला, म्हणजे भातलावणीला, येणाऱ्या बाया हसायच्या. मी चिडायची, मग त्यांना आणखीच चेव यायचा.

आमच्या कोर्सला गाडी स्वतः बनवायची आणि खडकाचिखलातून शर्यतीत पळवायची. गिअरबॉक्स मी बनवला होता. पण चालवणार कोण? मला चालवायचीच होती. आमच्या टीमचा कॅप्टन म्हणाला, "सरावात जो चिखलात फसणार नाही, तो." मी म्हटलं, मग चला आमच्या गावाला.

बाबांनी पाणी भरलेली एक बांधी, म्हणजे धानाच्या शेताचा एक तुकडा, दिली. "दुपारपर्यंत खेळा. मंग मले ट्रॅक्टर लावून रोवणीसाठी चिखल कराचा हाय." शेजारच्या बांधीत धानाची रोवणी चालली होती. बाया कंबर सरळ करून बघायला उभ्याच.

आधी कॅप्टन बसला. डांबरी ट्रॅकवर कप जिंकलेला गडी! तिथल्यासारखाच वळणाआधी त्याने ब्रेक मारला, अन् झालं. चाकं जागच्या जागी फिरून रुतली. आम्ही सगळ्यांनी ढकलून गाडी बाहेर काढली. बाया फिदीफिदी हसत होत्या.

मग मी बसले. फसले असते तर सीट गेली असती, आणि गावात मी जन्मभर गॅरेजवालीच राहिले असते. पण याच बांधीत मी बाबांचा ट्रॅक्टर चालवलाय. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेने शिरायचं, गोल गोल आत यायचं, ब्रेकला पाय लावायचाच नाही. हेल्मेटवर चिखल उडत होता आणि मी ओरडत होते, "चाल माझे बाई, चाल!" गिअरबॉक्स एकदाही कुरकुरला नाही. अख्खी बांधी फिरून मी गाडी सरळ धुऱ्यावर चढवली.

"सीट तुझी," कॅप्टन म्हणाला. मी हेल्मेटमध्येच रडले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पँट गुडघ्यापर्यंत ओढून ते बांधीत उतरले आणि पायाने चिखल चाचपत पार कोपऱ्यापर्यंत गेले. मेले, म्हटलं, बांधी खराब केली मी.

तिथूनच ते बायांना ओरडले, "या वं इकडं! पोरीनं चिखल मस्त केला. ट्रॅक्टर नाई लागत आता."

सगळ्यात जास्त हसणारी बाई पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची, जुडी घेऊन पहिली उतरली, आणि माझ्या चाकांच्या खुणांत धान रोवायला लागली.