डॉक्टरांचं अर्धं वाक्य

समस्त वाचकवर्गास अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात माइक हाती आला की खाली न ठेवणारा आणि लग्नघरी वरमाईपेक्षा जास्त भाव खाणारा नाना नावाचा इसम आज एक गोष्ट सांगणार आहे. ती त्याने आजवर कुणालाही सांगितलेली नाही. कृपया शांतता राखावी. रडकी मुलं मांडीवर घ्यावीत.

हसलात? हे असंच होतं बघा. मी तोंड उघडलं की लोक आधी हसून घेतात. आणि मला ते आवडतं — खोटं कशाला बोलू, फार आवडतं. सगळं तिथूनच... नाही, थांबा. नीट सांगतो.

माझी थोरली बहीण, अक्का. शहाद्याकडे दिलेली. काही वर्षांपूर्वी एका सकाळी भाकरी थापताना तिचा उजवा हात परातीतच राहिला. लकवा. नंदुरबारच्या दवाखान्यात वेळेवर नेलं म्हणून वाचली. हळूहळू तोंड सरळ झालं, हात उचलू लागला, पाय टेकायला लागला. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. पुण्याकडचे होते, छापील मराठी बोलायचे. म्हणाले, "बहिणीला जपा."

आता आमची गंमत अशी की आमच्या अहिराणीत जपणं म्हणजे झोपणं. 'जपी जा' म्हणजे झोपून जा. तुम्ही सोडली असती ही संधी? सासरी नेण्याऐवजी अक्काला आरामासाठी आमच्याकडे, माहेरी आणलं, तर गाडी दाराशी लागेपर्यंत माझी गोष्ट तयार होती — डॉक्टर म्हणाले 'जपा', आणि आमची अक्का इतकी आज्ञाधारक की तेव्हापासून जपीच ऱ्हायनी!

कुठे कुठे नाही सांगितली ही गोष्ट? ओट्यावर, चहाच्या टपरीवर, साखरपुड्याच्या पंगतीत. पुढे तर मी अक्काच होऊन दाखवायचो. केस विंचरता विंचरता फणी केसांतच राहिलेली, डोळे मिटलेले, मान एका खांद्यावर. लोक पोट धरून हसायचे. माय रागवायची, पण पदरामागे तीही हसायची.

ती नक्कल इतकी हुबेहूब कशी जमली, हे मला कुणी विचारलं नाही. कशी जमली? मी पाहत होतो म्हणून. घरात सगळ्यांत जास्त मीच पाहत होतो. आंघोळ करून आली की अक्का कपाटाला धरून उभी राहायची, जणू नांगर ओढून आली. दोन बायका एकदम बोलायला लागल्या की तिचा चेहरा रिकामा व्हायचा. रात्रभर झोपून उठली तरी डोळे दमलेलेच. एकदा कांदा चिरायला बसली आणि अर्ध्यातच विळी बाजूला सारून भिंतीला टेकली. म्हणाली, "नाना, हात दुखत नही, पाय दुखत नही. आंगमा काहीच उरत नही रे."

मी काय केलं असेल? ते वाक्यही नकलेत घातलं.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोक्यावर बसतात, त्यांना कामाला कुणी हात लावू देत नाही. सण सरला की सासरी परततात. अक्का तर आधीपासूनच आमच्याकडे होती. तिला न्यायला दाजी आणि तिची सासू आले. बारा माणसांचं घर त्यांचं, दोन म्हशी. सासूबाई वाईट नव्हत्या, हे मुद्दाम सांगतो. बसल्या बसल्या त्या मायला म्हणाल्या, "डॉक्टरनी आराम सांगा व्हई ते ऱ्हाऊ द्या तिले आठेच." म्हणजे अक्काला इथंच ठेवायला त्या तयार होत्या.

अक्कानं ते ऐकलं. मला स्वयंपाकघराच्या दारात गाठून म्हणाली, "नाना, डॉक्टरनी तुले बाजूले लई जाईसन जे सांगं, ते सांगी दे त्यासले." एवढंच. तिनं माझ्याकडे आयुष्यात दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

आणि आता ते सांगायलाच हवं, नाही का?

डॉक्टरांचं वाक्य 'जपा'पाशी संपलं नव्हतं. "बहिणीला जपा," ते म्हणाले होते. "हात-पाय सुधारतील, पण थकवा राहील. कदाचित खूप दिवस राहील. मेंदूला मार बसलाय, हा थकवा त्याच आजाराचा आहे. आळस नाही. वरून दिसत नाही, म्हणून घरच्यांना खोटा वाटतो. तुम्ही बोलके दिसता — सगळ्यांना समजावून सांगा. सासरी तर नक्की."

हे मी कुणाला सांगितलं नाही. मायला नाही, बायकोला नाही, अक्कालाही नाही. ती बिचारी स्वतःलाच आळशी समजत राहिली. विसरलो होतो का? छे. शब्द न् शब्द पाठ होता, आजही आहे. पण 'जपा'च्या पुढे एक शब्द जरी बोललो असतो, तर गोष्टीला कुणी हसलं नसतं.

अक्का सासरी गेली. आज तिथं तिला जपीबाई म्हणतात. ते नाव माझ्या गोष्टीतून गेलं. दुपारी आडवी झाली की कुणीतरी शेजारी मुद्दाम भांडं आपटतं. फोनवर ती "बरी शे" म्हणते आणि थांबते. आखाजीला आली तरी आता भिंतीला टेकत नाही, माझ्यासमोर तर नाहीच.

त्या दिवशी ओसरीवर काय झालं, तेवढं राहिलं. सासूबाईंनी विचारलं, "काय नाना, काय म्हणे डॉक्टर?" सगळे माझ्याकडे वळले. अक्का चौकटीला धरून उभी. पूर्ण वाक्य माझ्या ओठांवर होतं, शपथेवर सांगतो. पण दाजींच्या तोंडावर ते ओळखीचं हसू फुटायला लागलं होतं — नाना आता काहीतरी सोडणार! आणि मी सोडली. 'जपा'ची गोष्ट, फणीसकट, मानेसकट, "आंगमा काहीच उरत नही"सकट. दाजी मांडीवर थाप मारून हसले. माय हसली. सगळे हसतात म्हणून अक्काही हसली, आणि हसता हसता चौकटीला धरूनच खाली बसली.

सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले, अक्काची पिशवी स्वतःकडे ओढली आणि म्हणाल्या, "बरं व्हयनं नाना तुम्ही सांगं! आम्ही ते तिले खरीच आजारी समजी बठेल व्हतूत!"