वाटेतला प्लॉट

पांडेसऱ्यात आमच्या गल्लीतल्या मुलांना शाळेत नेणारा रिक्षावाला फार बोलत नाही. काहीही सांगा, त्याचं गुजरातीतलं उत्तर एकच, "चालसे, ताई," म्हणजे चालेल. मुलं उतरली की दप्तरं मात्र तो स्वतः दारापर्यंत आणून देतो.

माझी मुलगी रोज वीस मिनिटं उशिरा यायची. चौकशी केली तेव्हा कळलं, हा वाटेत एका मोकळ्या प्लॉटवर रिक्षा थांबवून मुलांना खेळायला सोडतो. मी त्याला चांगलंच सुनावलं.

"साप-किरडू निघालं म्हणजे?"

"चालसे, ताई," म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून वेळेवर येऊ लागला. मुलगी घरात शिरली की मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसायची.

आठवड्याने मीच त्याला म्हटलं, "थांबत जा तिथे."

पहिल्यांदाच तो वेगळं बोलला. "मग आज तुम्ही पण चला."

मी गेले. सगळी दप्तरं खांद्यांवर अडकवून तो बाभळीखाली उभा राहिला. त्याची नजर मुलांवरून हलत नव्हती. झुरळ पाहून किंचाळणारी माझी मुलगी ओल्या गवतात उकिडवी बसली होती आणि तिच्या तळहातावर गोगलगाय चालत होती.

मी घाईने जवळ गेले, तशी ती कुजबुजली, "आई, हळू ये. काका म्हणतात, ती आपल्याला घाबरते."