दमयंतीच्या लाइनीतली किंचाळी

दमयंती सुर्वेचा आवाज खणखणीत. मिरकरवाडा बंदराजवळच्या कोळंबी निर्यातीच्या कारखान्यात ती टायपिस्ट होती, पण त्या आवाजापायी मालकांनी टेलिफोनही तिच्याच गळ्यात घातला. माल किती, ट्रक कधी निघाला, हे ती मुंबईच्या ऑफिसातल्या विमलाला रोज ट्रंककॉलवर ओरडून सांगायची. तरी इथून 'साठ पेट्या' म्हणावं, तर तिकडे 'आठ' ऐकू जायचं.

सत्त्याऐंशी साली मालकांनी इथे आणि मुंबईला एकेक कॉम्प्युटर घेतला आणि सोबत मोडेम. रबराच्या दोन वाट्या बसवलेला चपटा डबा तो. फोन लागला की रिसीव्हर त्या वाट्यांत उपडा ठेवायचा, मग दोन्हीकडचे कॉम्प्युटर शिट्ट्या मारून एकमेकांना मजकूर पाठवणार. मुंबईहून आलेल्या इंजिनिअरने एवढं समजावलं आणि संध्याकाळची एस.टी. पकडली.

दुसऱ्या दिवशी कॉल लागला.

"विमला, ठेवू गो?"

"ठेव. मीपण ठेवते."

कर्कश शिट्टी सुरू झाली. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायला लागली, दमयंती आनंदाने खुर्चीवरून उठली, आणि लाइन तुटली. पुन्हा कॉल लावला, पुन्हा तेच. आठवडाभर हाच प्रकार चालला.

"परत पाठवून द्या ते डबडं," मालक वैतागले.

पण दमयंतीने ती अक्षरं डोळ्यांनी बघितली होती. तिने ट्रंककॉल जोडून देणाऱ्या एक्स्चेंजच्या ऑपरेटर सावित्रीताईंना फोन लावला. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं, ओळख होती ती नुसती आवाजाची.

"ताई, आमचा कॉल मध्येच तुटतो कसा हो?"

"तुटेल कसा? मीच तोडते! मध्ये ऐकायला जावं तर माणूस कोण बोलत नाही, नुसती किंचाळी. बिघडलेली लाइन चालू ठेवू होय?"

दमयंतीला हसू आवरेना. "अहो, तो आमचा कॉम्प्युटर बोलतो!"

"बोलतो? मला वाटलं, गळा दाबलाय कोणीतरी कोणाचा."

"एकदा येऊन बघा तरी."

सुट्टीच्या दिवशी सावित्रीताई खरंच आल्या. फोनवर दरडावणारी ती बाई दमयंतीच्या जेमतेम खांद्याला लागत होती. एक्स्चेंजच्या बोर्डावर बसलेल्या मुलीला 'आज ही लाइन तोडू नको' असं त्या बजावूनच आल्या होत्या.

रिसीव्हर वाट्यांत बसला. सावित्रीताईंनी कानांत बोटं घातली, पण डोळे पडद्यावरून हलेनात. पेट्या, बर्फ, ट्रक, सगळं मुंबईला बिनचूक पोचलं. साठाचे साठच.

"आता मी काय सांगितलं तर तेपण जाईल?" त्यांनी हळूच विचारलं.

"सांगा की."

दमयंतीने इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप केलं, 'सावित्रीताई म्हणतात, पुन्हा तोडणार नाही.'

सावित्रीताई पडद्याजवळ वाकल्या. मग विमलाचं उत्तर एकेक अक्षर उमटत गेलं, 'आधी त्यांना चहा पाज.'

सावित्रीताई इतक्या खळखळून हसल्या की बाहेर कोळंबी सोलणाऱ्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.