भिकाजीच्या बापाचं पान

ओमानमधल्या सोहारच्या आमच्या कामगार कॅम्पात भिकाजी स्वयंपाकी होता. गाव कुडाळजवळ. मी कारखान्यात वायरमन, नाव रमण. जेवणाला नावं ठेवायची मला खोड आहे. अकरा वर्षं मी त्याच्या हातचं खाल्लं आणि अकरा वर्षं कुरकुरलो, पण पितृपक्षात मात्र मी गप्प बसायचो.

कारण सर्वपित्रीला भिकाजी आम्हा सतराजणांच्या बापांना जेवायला घालायचा. रजा कोणाला मिळणार? म्हाळाचा विधी गावात भाऊबंद उरकायचे, इथे मेसच्या गच्चीवर केळीच्या पानांची रांग लागायची. वडे, खीर, काळ्या वाटाण्याची आमटी, भोपळ्याची भाजी सगळ्यांना सारखी. वर ज्याच्या त्याच्या बापाच्या आवडीचं एकेक. माझ्या वडिलांना कुळथाची पिठी. एकनाथच्या बापाला भाजलेलं वांगं, तेही देठासकट. एकदा सांगितलं की भिकाजी विसरत नसे. पानं वाढून होईपर्यंत कोणी घास तोंडात घालायचा नाही. कावळ्यांचं म्हणाल तर सोहारचे कावळे मासळीवर माजलेले, पण वड्यांना नाही म्हणत नसत.

अठ्ठ्याण्णव साली या माणसाचं काहीतरी बिनसलं. त्याचा बाप आदल्या वर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर गेला होता. रजा मिळाली नाही, भिकाजी पोचला नाही. आता वर्षश्राद्ध झालं होतं, म्हणजे बापाचा हा पहिलाच म्हाळ. पितृपक्ष लागला आणि याचे हात चालेनात. आमटीत दोनदा मीठ पडलं. चूल पेटवून दाराशी जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा.

"काय झालंय तुला?" मी खेकसलो.

"पान वाढूक होया," तो म्हणाला. "पण बाबांका काय आवडायचा, माका म्हायत नाय."

मला हसूच आलं. सतराजणांच्या बापांच्या जिभा पाठ असलेला माणूस हा! पण तो हसला नाही, मग मलाच लाज वाटली. अठराव्या वर्षी घर सोडलेलं, मग मुंबईची खानावळ, मग हे. बापाच्या पंक्तीला तो बसला होता कधी?

शुक्रवारी सुट्टी. भिकाजी मला ओढत फोनच्या बूथवर घेऊन गेला. गावात फोन शेजाऱ्याकडे. आईला बोलावून आणायला सांगायचं आणि दहा मिनिटांनी पुन्हा लावायचा. ती दहा मिनिटं हा बूथभोवती घिरट्या घालत होता. मला गरगरायला लागलं. शेवटी म्हातारी आली. ती इतक्या मोठ्याने बोलायची की मलाही सगळं ऐकू येत होतं.

"आये, बाबांका काय आवडायचा गे?"

"तेंका? कधी सांगल्यानीच नाय. तुमी पोरां जेवलात काय मगे ते बसत. टोपाच्या बुडाचो करपलेलो भात खरवडून घेयत."

"तो आवडायचो तेंका?"

"आवडायचो कसलो! तोच उरायचो."

भिकाजीने फोन ठेवला. आम्ही कॅम्पाची वाट धरली.

रविवारी अमावास्या. श्रीवर्धनचा मुजम्मिल कॅम्पाचा ट्रक चालवायचा. सकाळीच तो एका ओमानी म्हाताऱ्याच्या बागेतली केळीची पानं घेऊन आला. "यल्ला, चल भिकाजी, सतरा मोजून आणली," तो म्हणाला.

"अठरा होयी होती," भिकाजी म्हणाला. मुजम्मिल काही न विचारता गाडी फिरवून परत गेला आणि अठरावं पान घेऊन आला.

दुपारच्या सुट्टीत आम्ही गच्चीवर जमलो. भात नुकताच उतरवला होता, वाफ निघत होती. भिकाजीने झाकण काढलं आणि टोपाच्या वरचा, मोकळा, पांढरा भात पहिल्यांदा अठराव्या पानावर घातला. पहिला वडा तिथे, पहिली खीर तिथे. नंतर आमचे सतरा बाप. माझे वडील मानाच्या बाबतीत फार काटेकोर होते, पण त्या दिवशी त्यांनीही समजून घेतलं असेल.

कावळे आले. आम्ही खाली उतरलो, जेवलो. मी ताट धुवायला गेलो तर भिकाजी मोरीशेजारी पाटावर बसून टोपाचं बूड खरवडून खात होता. अकरा वर्षं मी तेच पाहत आलो होतो, पण माझ्या डोक्यात कधी काही आलं नव्हतं.

"भिकाजी," मी म्हणालो, "तुला काय आवडतं रे?"

त्याने हातातला चमचा टोपात टाकला. मग तो उठला आणि खरकट्या हातानेच फाटकाबाहेर पडला. मी मागोमाग.

बूथवर त्याने शेजाऱ्याला फोन लावला. या वेळी आईला नाही, मुलीला बोलावलं. विशाखा नऊ वर्षांची. दहा मिनिटं पुन्हा तेच घिरट्या घालणं. पोर धापा टाकत फोनवर आली.

"विशाखा, मी काय सांगतंय ता नीट ध्यानात ठेव," भिकाजी म्हणाला. "तुझ्या बापाशीक गरम भात आवडता. टोपाच्या वयलो. सगळ्यांच्या आधी वाढलेलो."