डिकीतला मणी

आमच्या आबांनी आयुष्यात एकदाच सोनं मिळवलं, आणि ते त्यांना स्कूटरच्या डिकीत ठेवावं लागलं. प्लगचा पाना, एक तेलकट फडकं, पीयूसीचा कागद आणि औषधाच्या रिकाम्या डबीत कापसावर ठेवलेला बाजरीच्या दाण्याएवढा मणी. पंक्चरवाला डिकी उघडायचा तेव्हा मी त्या डबीवर डोळा ठेवून उभी राहायचे. आबांना मात्र चोराची भीती नव्हती. अडचण होती ती आईची. तिनं तो मणी उंबऱ्याच्या आत येऊ दिला नव्हता.

आबांचं पिंपळीत मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरची जळालेली मोटार आली की जुनी तार उसवायची, नवी भरायची. डोळे अधू झाले तसं त्यांनी दुकान पुतण्याकडे दिलं आणि ते घरी बसले. बसले कसले, आईच्या मागं लागले. भाजी अशी का चिरतेस, नळाला फडकं का बांधलंस. शेवटी आईची सुटका व्हावी म्हणून मी त्यांच्या हातात मोबाइल दिला. मी बारामतीत शिकवण्या घेते. मे महिन्यात मोकळी असते, तेव्हा माहेरी येऊन असले उद्योग करून ठेवते. मोबाइलमध्ये आबांना कुठल्याशा परदेशातली माणसं सापडली. सुट्टीच्या दिवशी नदीत उकिडवी बसून, निव्वळ हौस म्हणून वाळू धुणारी. दिवसभर राबून हाताला लागायचा एखादा कण, आणि त्यावर तोंडभर हसायची.

"येडी हायेत ही माणसं," आई म्हणाली.

"व्हय," आबा म्हणाले. "पर नदी आपल्याकडं बी हाय."

आमची नदी म्हणजे भीमा, आणि तीही उजनीच्या पाण्याखाली गेलेली. आबांचं मूळ गाव पळसदेव. धरण झालं तेव्हा जुनं गाव बुडालं, लोक वर सरकले, आमचं घर पिंपळीला आलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुनं देऊळ वर येतं, घरांची जोती उघडी पडतात. ते बघायला माणसं गाड्या करून येतात, फोटो काढतात आणि जाताना मासे खाऊन जातात. आबांना मात्र आता त्या गाळात सोनं दिसायला लागलं.

त्याला कारण होतं. गाव उठलं तेव्हा आई नवी नवरी होती. बैलगाडीत सामान भरताना तिच्या नाकातली मुरणी कुठंतरी गळून पडली. सासूनं घातलेली मुरणी. आमच्याकडं सोनं हरवणं अपशकुनी, त्यामुळं माझ्या आजीनं पुढं जन्मभर ते उगाळलं. जसं काही आईच्या नाकातून मुरणी पडली म्हणूनच सरकारनं धरण बांधलं. आबा तेव्हा आईच्या बाजूनं एक शब्द बोलले नाहीत. नंतर कधीतरी त्यांनी सोनाराकडून नवी मुरणी आणली, तर आईनं ती मला देऊन टाकली. तिच्या नाकाचं भोक बुजत आलं होतं. त्यामुळं आबांना सोनं कशाला हवं होतं हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांना स्वतः शोधलेलं काहीतरी आईच्या हातावर ठेवायचं होतं, आणि तिनं मूठ मिटायला हवी होती.

आईनं कणकेची परात दिली नाही, म्हणून गवंड्याचं घमेलं घेतलं. अंगणात वाळू आणून सराव सुरू झाला. आबा घमेलं असं हिसकायचे की वाळूबरोबर सगळंच बाहेर. ओट्यापाशी बसून आई तांदूळ रोळत होती. एका पातेल्यातून दुसऱ्यात पाण्याबरोबर तांदूळ सोडायचे, खडे आपोआप तळाशी राहतात. तिनं थोडा वेळ आबांचा खेळ पाहिला आणि न राहवून म्हणाली, "अवो, धुणं न्हाय ते. हातानं न्हाय रोळायचं, पान्यानं रोळायचं. जड हाय ते जाग्यावर ऱ्हातंय."

एवढं बोलून ती आत गेली. आबांना विद्या मिळाली होती. ज्या बाईला ते सोनं नको होतं तिनंच ते कसं काढायचं हे शिकवलं, आणि ही गोष्ट आबा पुढं ज्याला त्याला सांगायचे.

मग सुरू झाल्या आमच्या फेऱ्या. सकाळी उन्हं व्हायच्या आत स्कूटर काढायची, कळस गावावरून पळसदेव गाठायचं. मी मागं, मांडीवर घमेलं, घमेल्यात भाकरीचं फडकं. मोजायचं म्हटलं तर तोट्याचाच धंदा. माझ्या मानेचा रंग वेगळा आणि चेहऱ्याचा वेगळा झाला. आबांचे गुडघे रात्रभर ठणकायचे आणि तेल आईला चोळावं लागायचं. चपला गाळात गेल्या त्या गेल्याच. एकदा आबा गुडघ्यापर्यंत रुतले आणि त्यांना ओढताना मीही अडकले, तेव्हा पाणी ओसरलेल्या गाळात कलिंगडं लावणाऱ्या चाचांनी दोरी टाकून आम्हाला बाहेर काढलं.

"सोनं घावलं का, आबा?" चाचा विचारायचे.

"आज न्हाय."

"मग कलिंगड खावा. ह्ये रोज घावतंय."

चाचांचं घरही जुन्या गावातलं. त्यांना आबांच्या घराचं जोतं कुठलं ते ठाऊक होतं. आबा दरवेळी सुरुवात तिथूनच करायचे. बैलगाडी इथं उभी होती, तुझी आई तिथून आली, माझ्या हातात जात्याची पाळी होती, असं सगळं हातवारे करून दाखवायचे. पुढ्यात नुसता भेगाळलेला गाळ आणि वेड्या बाभळी. पण ते बोलत असताना मला तिथं अंगण दिसायचं. बाप म्हणून ते माझ्याशी इतकं कधीच बोलले नव्हते, आणि मला ते फार आवडायचं.

सापडायचं बरंच काही. भोकाचे पैसे, बैलाच्या गळ्यातलं घुंगरू, बाटल्यांची झाकणं. मासेमारांच्या जाळ्याचं शिसं तर इतकं, की आबा म्हणायचे आता शिशाचंच दुकान टाकू. घमेल्याच्या तळाशी राहिलेली काळी वाळू ते जुन्या स्पीकरच्या लोहचुंबकानं ओढून घ्यायचे आणि उरलेलं उन्हात धरून बघायचे. पितळेच्या चुऱ्यानं त्यांना किती वेळा फसवलं. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, असं आई घरी म्हणायची, पण दुसऱ्या दिवशी भाकरी बांधून द्यायचीच.

आणि एका सकाळी तो मणी निघाला. जोत्यापासून पार दूर, जुन्या घाटाच्या पायऱ्यांपाशी. काळी वाळू निघून गेली आणि तो तिथंच राहिला. आबा हसले नाहीत. त्यांनी तो जिभेवर ठेवला, मग माझ्या तळहातावर ठेवला, मग परत स्वतःच्या. येताना बारामतीत सोनाराकडं गेलो. त्यानं कसोटीवर घासून सांगितलं, सोनंच आहे, जुनं आहे. घरापर्यंत आबा स्कूटर इतकी हळू चालवत होते की सायकलवाले पुढं गेले.

आई उंबऱ्यात उभी राहिली. तिनं मणी पाहिला, पण हात पुढं केला नाही.

"मुरणी न्हाय ही," ती म्हणाली.

"न्हाय. पर सोनं हाय."

"कुणाचं हाय?"

हरवलेलं सोनं वाईट, तसं सापडलेलंही घरात आणू नये म्हणतात. ते आपल्याबरोबर घरातलं काहीतरी घेऊन जातं. मला वाटलं आई तेच म्हणेल. ती म्हणाली, "कुण्या बाईचं गेलं आसंल. तिनं घरच्यांची बोलणी खाल्ली आसतील. त्ये माज्या घरात नगं."

आबांचा चेहरा पडला. मला आईचा राग आला आणि ती बरोबर आहे हेही कळत होतं. मणी डिकीत गेला. त्यानंतर पावसात स्कूटर सुरू झाली नाही की आई म्हणायची, परक्याचं सोनं घेऊन हिंडल्यावर काय हुनार.

पण "कुणाचं हाय" हा प्रश्न आबांनी मनावर घेतला. उरलेला उन्हाळा आम्ही घमेलं बाजूला ठेवून तो मणी घेऊन फिरलो. जुन्या गावातली माणसं जिथं जिथं जाऊन राहिली तिथं, इंदापूरपर्यंत. ओसरीवर बसायचं, चहा व्हायचा, आबा डबी उघडायचे आणि म्हाताऱ्या वाकून बघायच्या. प्रत्येकीचं काहीतरी त्या पाण्यात राहिलं होतं. एकीचं कर्णफूल, एकीची जोडवी, एकीचं तर लेकरू घाटावरून पाण्यात गेलं होतं, ते सांगताना ती कितीतरी वेळ आबांचा हात धरून बसली. पण मणी बघितला की सगळ्या मान हलवायच्या. "माजा न्हाय, दादा." एवढ्या सोन्यावर खोटं बोलणारी एकही भेटली नाही. आबा घरी येऊन आईला सगळं सांगायचे, कोण कुठं आहे, कुणाला किती नातवंडं. आई ऐकून घ्यायची, मध्येच विचारायची, "तिची ती काळी म्हस व्हती, तिचं काय झालं?" ह्या फेऱ्यांचा हा नफा आम्ही धरलाच नव्हता. मणी मात्र डिकीतच राहिला. आबा अधूनमधून विचारायचे, "घेतीस का आता?" आणि आई म्हणायची, "मालकीण घावली का?"

आबा गेले ते दिवाळीनंतर. सकाळी चहा घेतला, छातीत कळ आली म्हणाले, दवाखान्यापर्यंत पोचेस्तोवर संपलं. दुपारी त्यांना घरी आणलं, बायका जमल्या. जाणाऱ्याच्या तोंडात तुळस आणि सोन्याचा मणी ठेवायचा असतो. एका काकूनं आईच्या कानाशी म्हटलं, सोनं काढा. आईचा हात गळ्यातल्या डोरल्याकडं गेला आणि थांबला. मग तिनं माझ्याकडं बघितलं.

"डिकीत हाय बघ," ती म्हणाली. "आण."

मी डबी घेऊन आले आणि सवयीनं उंबऱ्याबाहेर उभी राहिले.

"आत आण," आई म्हणाली.

तिनं कापसातला मणी उचलून तळहातावर घेतला आणि मूठ मिटली. बराच वेळ मिटलेलीच ठेवली. आबांना एवढंच हवं होतं आणि ते तिथं डोळे मिटून पडले होते. मी तेव्हा पहिल्यांदा रडले. मग आईनं मणी तुळशीच्या पानात धरून त्यांच्या तोंडात ठेवला, आणि त्यांची हनुवटी खालून हलकेच मिटवली.

सावडायला गेलो तेव्हा चुलते राखेत सोनं चाचपायला लागले. तशी रीत आहे, सोनं कोण टाकून देतं. मी त्यांना थांबवलं, आईनं नको सांगितलंय म्हटलं. राख, अस्थी आणि त्यात जे काही होतं ते सगळं पळसदेवला जुन्या घाटाकडच्या पाण्यात सोडलं. चाचांनी होडी सांगून ठेवली होती.

यंदा मे महिन्यात मी माहेरी आले तर घमेलं घासून अंगणात पालथं घातलेलं. आई म्हणाली, जाऊ या. गाव उठल्यापासून ती तिकडं एकदाही आली नव्हती. मी आबांची स्कूटर काढली. चाचांनी तिला ओळखलं, डोक्यावरची टोपी काढून उभे राहिले, आणि कलिंगड कापायला गेले.

पाणी बरंच खाली गेलं होतं, घाटाच्या पायऱ्या उघड्या होत्या. आईनं जोत्याकडं पाहिलंही नाही. ती सरळ घाटाशी गेली, पदर खोचून पाण्याच्या कडेला बसली. मी घमेल्यात वाळू घेतली, तर म्हणाली, "दे हिकडं, तुला येत न्हाय." आणि तांदूळ रोळावेत तशी ती वाळू रोळायला लागली. पाणी गोल फिरत होतं, गाळ निघून जात होता, तिच्या बांगड्या घमेल्याच्या काठाला वाजत होत्या.

मी तिच्या शेजारी बसले. विचारलं, "आणि मणी घावला तर? पुन्हा सगळ्या गावाला विचारत फिरायचं?"

"कशाला?" घमेल्यावरची नजर न काढता आई म्हणाली. "आता आपलाच हाय तो."