एका खांद्याचा पट्टा

ऑक्टोबरात, दसरा होऊन आठवडा झाला असेल, शेजारीण दार वाजवून आत आली आणि रायफलचा पट्टा शिवून देशील का, असं तिनं विचारलं. माझ्याकडे शिलाई मशीन आहे हे तिला माहीत होतं. तिचे पडदे मी आखूड करून दिले होते. ती सत्तरीतली, शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, एकटी राहणारी. आमच्या ईडन प्रेरी गावातून दर नोव्हेंबरात उत्तरेला, भावाच्या रानात, ती हरणाच्या शिकारीला जाते. त्या वर्षी वसंतात कॅन्सरमुळे तिचा डावा स्तन काढला होता.

तिनं दुकानातला पट्टा सोबत आणला होता. रायफल पाठीवर घेतली की तो उजव्या खांद्यावरून छातीवर तिरका येऊन डाव्या काखेखाली जातो, म्हणजे नेमका टाक्यांवरून. नुसता उजव्या खांद्यावर अडकवला तर घसरतो आणि धरायला हात लागतो. उजव्या हातात तिची काठी असते. डावा हात ऑपरेशननंतर सुजायचा आणि वर जात नसे. गाडी लावायच्या जागेपासून हरणाची वाट पाहत बसायच्या लाकडी खोपीपर्यंत बरंच चालायचं होतं, तेही चढावर.

मुलांनी सांगितलं होतं, बंदूक आम्ही नेतो, तू नुसती चल. पण ज्याची बंदूक त्यानं न्यायची, नेता येत नसेल त्यानं घरी बसायचं, हा तिच्या वडलांनी घालून दिलेला रिवाज होता. मुलं लहान असताना तिनं तो त्यांना मोडू दिला नव्हता आणि आता स्वतःसाठी मोडणार नव्हती. पुढच्या वर्षाबद्दल डॉक्टर काही बोलत नव्हते. पट्टा जमला तर ती जाणार होती, नाही जमला तर नाही. हे सगळं तिनं बसचा मार्ग सांगावा तसं सांगितलं.

मी हो म्हटलं. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो लॅपटॉप मिटून म्हणाला, "यार, ग्रीन कार्डचं काम चालू आहे. कशाला नसती भानगड? बंदुकीला हात लावू नकोस." व्हिसावरच्या माणसाला कायदा नेमकं काय करू देतो, हे आम्हा दोघांनाही नीट ठाऊक नव्हतं. हात न लावणं सगळ्यात सोपं होतं. म्हणून पट्टा अडकवायच्या, रायफलच्या दोन कड्यांमधलं अंतर शेजारणीनं स्वतः मोजून सांगितलं. मी मॉपचा दांडा तेवढ्या लांबीला कापला, दोन्ही टोकांना हूक बसवले आणि वजनासाठी चार-चार पौंडांची तुरीच्या डाळीची दोन पाकिटं चिकटपट्टीनं गुंडाळली. वजन रायफलइतकं झालं.

सासूबाई तेव्हा नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेल्या होत्या. त्यांना हे काम पसंत नव्हतं. नवमीला त्यांनीच मशीनला हळदकुंकू वाहिलं होतं, आणि त्याच मशीनवर आता बंदुकीचा पट्टा चालला होता. खंडेनवमी शस्त्रांचीच असते, असं मी म्हटलं. आपल्या घरातलं शस्त्र म्हणजे विळी, असं त्या म्हणाल्या आणि डाळ परत डब्यात जाणार आहे का, एवढं विचारून आत गेल्या.

पहिला पट्टा मी जाड सुती पट्टीचा शिवला. पलंगाला नवार असते तशी ती पट्टी होती, फक्त खाकी. शेजारणीनं दोन अटी घातल्या होत्या. वेल्क्रो नको, कारण उघडताना होणारा आवाज हरणाला ऐकू जातो. आणि बकल एका हातानं सुटलं पाहिजे. छातीवर येणाऱ्या भागाला मी आतून मऊ फेल्ट कापडाची गादी लावली. तिनं दांडा पाठीवर घेतला, दिवाणखान्यात दोन फेऱ्या मारल्या आणि लगेच उतरवून ठेवला. दुसऱ्या खेपेला मी गादी दुप्पट केली, तिसऱ्या खेपेला पट्टा रुंद केला. तिसऱ्या वेळी तिनं आभार मानले, फार चांगलं शिवलं आहेस म्हणाली आणि पट्टा न घेताच घरी गेली.

सासूबाई हे स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होत्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सासूबाईंचंही तेच ऑपरेशन झालेलं होतं, डावीकडचंच, माझ्या लग्नाच्या बऱ्याच आधी. घरात सगळ्यांना ते माहीत होतं आणि कुणी त्याबद्दल बोलत नसे. नातेवाइकांना तेव्हा छोटंसं ऑपरेशन एवढंच कळवलं होतं. नवरा त्या वेळी कॉलेजात होता. आईशी त्याचं त्यावर एकदाही बोलणं झालेलं नाही, हे त्यानंच मला सांगितलं होतं. मलाही शेजारणीचा पट्टा शिवताना त्यांना काही विचारावं असं सुचलं नाही. सुचलं असतं तरी विचारलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चौथ्यांदा गादी कापायला घेतली, तेव्हा त्या येऊन समोर बसल्या.

"गादी वाढवून काय होणार आहे? जागाच चुकली आहे."

मी कात्री ठेवली.

"तिथे काहीच नको असतं," त्या म्हणाल्या. "मऊ नको नि कडक नको. वारासुद्धा नको वाटतो. ऊठ, मला घाल."

त्या उभ्या राहिल्या. दांड्याचं टोक माझ्या हातातून त्यांनी स्वतः उजव्या खांद्यामागे घेतलं आणि पट्टा कसा जायला हवा ते दाखवलं. शाळेच्या दप्तराचा एकच पट्टा असावा तसा: उजव्या खांद्यावरून पुढे, त्याच बाजूच्या काखेखालून परत मागे. डावीकडे काही नाही. मग वजन सगळं एका खांद्यावर येईल, असं मी म्हटलं. त्यावर त्यांनी कमरेभोवती हात फिरवला. कमरेला दुसरा पट्टा बांधून वजन तिथे टेकवायचं, खांद्यानं नुसतं सावरायचं. भाजीची पिशवी त्या कमरेवर टेकवून का आणतात, हे मला त्या दिवशी कळलं.

मी टाचण्या लावत होते तेवढ्यात नवरा लवकर घरी आला. त्याची आई ओट्यासमोर मॉपचा दांडा आणि आठ पौंड डाळ पाठीवर घेऊन उभी होती.

"आई, काय चाललंय?"

"शिकारीला निघालेय. येताना काही आणू?"

तो हसला. मग त्यांनी तशाच उभ्या राहून त्याला सांगितलं की डाव्या बाजूला अजून दुखतं, रोज नाही, पण थंडीत दुखतं. त्यानं पाठीवरचा दांडा खालून हातानं उचलून धरला आणि माझ्या टाचण्या संपेपर्यंत धरून ठेवला.

नवा पट्टा शनिवारी शेजारणीच्या गॅरेजमध्ये नेला. सासूबाई स्वतःहून सोबत आल्या. रायफल शेजारणीनंच काढली, रिकामी असल्याची खात्री करून घेतली आणि पट्टा कड्यांत ओवला. आम्ही दोघी दाराशी होतो. कमरेचा पट्टा तिनं जरा वर बांधला, तेव्हा सासूबाईंनी नाही अशी मान हलवली. इंग्रजी त्यांना बेताचं येतं. त्यांनी आपला तळवा स्वतःच्या छातीवर डाव्या बाजूला सपाट ठेवला आणि मग खाली, कमरेकडे बोट केलं.

शेजारीण थांबली. तिनंही आपला हात त्याच जागी ठेवला.

"यू टू?"

"येस," सासूबाई म्हणाल्या. आमच्या घरात हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेला नव्हता.

शेजारणीनं पट्टा खाली घेतला, काठी उचलली आणि रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आली. परतल्यावर बकल उजव्या हातानं सोडवलं. मुलाला फोन करून तिनं सांगितलं, की माझी बंदूक मी आणतेय, माझी जागा धरून ठेव.

नोव्हेंबरात ती गेली आणि रविवारी संध्याकाळी परतली. तिला हरीण मिळालं नव्हतं. एक मादी दिसली, पण मध्ये झाडं होती म्हणून तिनं गोळी झाडली नाही. रस्त्यावर जो भेटला त्यानं तिला मिळालं का, हेच विचारलं, मीही. सासूबाई अंगावर शाल घेऊन माझ्या मागोमाग बाहेर आल्या होत्या. त्यांनी मला मराठीत सांगितलं, "दुखलं का, ते विचार."

मी विचारलं. दोन्ही दिवस रायफल जाताना-येताना तिनंच नेली होती. छाती दुखली नाही, पाय दुखले, असं ती म्हणाली, आणि हे सांगताना ती माझ्याकडे नाही, सासूबाईंकडे पाहत होती.

मी ते मराठीत सांगितलं.

"पाय दुखणारच," सासूबाई म्हणाल्या. "या थंडीत कुणाचे दुखत नाहीत? आत ये म्हणावं, चहा टाकते."